तीन खोक्यांतले उरलेले भाग

"काकू तीन वेळा हाच खोका घेऊन गेल्या होत्या," फळीवरच्या रोबोच्या खोक्याकडे बोट दाखवत दुकानदार म्हणाला, आणि मी हातातली थिनरची बाटली काउंटरवर ठेवली. नीट ठेवली, झाकण घट्ट आहे का तेही पाहिलं. सवय. बायको गेल्यानंतर आठ महिन्यांनी मी त्या दुकानात पहिल्यांदाच गेलो होतो. घरातलं थिनर उडून गेलं होतं, एवढंच कारण. काही जोडायचं-रंगवायचं मनात नव्हतं. दुकानदार माझ्या मुलीच्या वयाचा, बोलघेवडा. त्याला वाटलं असेल, म्हाताऱ्याला दोन शब्द बरे वाटतील. "मला बजावायच्या, काकांना बोलू नकोस हं. आता सांगायला काय हरकत आहे. मी म्हणायचो, काकू, अख्खा खोका कशाला, काका हाच रोबो सात वेळा बनवून बसलेत. तर म्हणायच्या, अरे, मला यातला एकच तुकडा हवाय, पण तू सुटा देतोस का मेल्या?" तो हसला. मीही हसलो बहुतेक. कुठला तुकडा, असं मी विचारलं. ते त्याला माहीत नव्हतं. "पहिल्या वेळी मात्र फार घाबऱ्याघुबऱ्या आल्या होत्या. काका यायच्या आत घरी पोचायचंय म्हणाल्या. नंतर सरावल्या."

सरावल्या. घरी येताना मी दोन चौक पुढे निघून गेलो आणि परत फिरलो. मी तिच्याबरोबर सदतीस वर्षं काढली. या सदतीस वर्षांत ती कुठल्या दुकानात जाते, कुठल्या रंगाची पिशवी नेते, येताना कुठल्या हाताने जिन्याचा कठडा धरते हे मला पाठ होतं, निदान मला तसं वाटत होतं. आणि ती माझ्या नकळत, मी यायच्या आत, श्वास लागेपर्यंत चालत एका दुकानात जाऊन आली होती. एकदा नाही, तीनदा. मला एवढंच कळायला हवं होतं की ती मला घाबरायची का. दुसरं काही मला कोणी सांगितलं नसतं तरी चाललं असतं.

हे रोबो म्हणजे काय ते सांगायला हवं. परदेशी कार्टूनमधले, माणसासारखे दोन हात दोन पाय असलेले, वीतभर उंचीचे. खोक्यात ते अख्खे नसतात. दोन-अडीचशे बारीक भाग प्लास्टिकच्या चौकटींना काड्यांनी चिकटलेले असतात. एकेक भाग कापायचा, काडीचं टोक राहिलं तर पॉलिश पेपरने घासायचं, मग एकात एक दाबून बसवायचं. बरेच जण तिथंच थांबतात. मी थांबत नसे. मी अस्तर मारायचो, रंगवायचो, त्यावर गंज आणायचो, धूळ आणायचो, कुठे गोळी लागल्यासारखा पोचा पाडायचो. एकच रोबो मी सात वेळा बनवला. एक कोरा पांढरा, एक समुद्रात बुडून वर काढल्यासारखा गंजलेला, एक वाळवंटातला, एक काळा, असे सात. सगळे वेगळे का नाही बनवत, असं लोक विचारायचे. माझं म्हणणं, माल एकाच मापाचा असला की फरक दिसतो. हे माझ्या नोकरीतलं शहाणपण होतं. मी एकतीस वर्षं विजेची बटणं बनवणाऱ्या कारखान्यात तपासनीस होतो. पट्ट्यावरून बटणं यायची, मी भिंगातून बघायचो. कुठे साच्याची कड सुटलेली, कुठे प्लास्टिक आत बसलेलं, कुठे केसाएवढी चीर. चांगल्याच्या पोटात लाल पेन्सिलीने बरोबरची खूण करायची, वाईट डाव्या हाताच्या टोपलीत. माझं काम नापास करण्याचं होतं. कारखान्यात मला मागून "टोपली" म्हणत, ते मला ठाऊक होतं आणि मला त्याचं वाईट वाटत नसे. रोबोच्या प्रत्येक भागाच्या आतल्या अंगालाही मी तशीच लाल खूण करायचो. ती कधी कोणाला दिसत नाही. मलाही दिसत नाही, एकदा जोडल्यावर. पण आहे हे मला माहीत असायचं.

हा नाद माझा नव्हता, मुलीचा होता. ती नऊ वर्षांची असताना टीव्हीवर ते रोबो लागायचे, आणि वाढदिवसाला मी तिला पहिला खोका आणून दिला. तिने दोन दिवसांत एक पाय बनवला. काड्यांची टोकं तशीच, एक भाग उलटा, गोंदाची बोटं उठलेली. ती झोपल्यावर मी पाय सोडवला आणि नीट करून ठेवला. सकाळी तिने पाहिला, म्हणाली, "छान झालाय." मग हात केला तोही मी नीट केला. नंतर तिने खोका माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि खाली खेळायला गेली. तिला कंटाळा आला असं मी बायकोला म्हणालो.  हे मला आत्ता आठवतंय, इतकी वर्षं आठवलं नव्हतं. माणूस आठवणीही तपासूनच बाहेर सोडतो की काय कोण जाणे.

आणि ते शिंग. पांढऱ्या रोबोच्या कपाळावर दोन शिंगं असतात, कागदासारखी पातळ. अकरा वर्षांपूर्वी एका सकाळी धूळ पुसताना बायकोचा फडका अडकला. मी दाढी करत होतो. ती हातावर शिंग घेऊन दारात आली आणि म्हणाली, "अहो, हे निघालं." मोडलं म्हणाली नाही. मी आरशातून बघितलं आणि दाढी पुरी केली. मी ओरडलो नाही. मी आयुष्यात घरात आवाज चढवलेला नाही, हात उगारणं तर दूरच, आणि हे मी चारचौघांत सांगायचो. मी फक्त बोललो नाही. नऊ दिवस. ती "जेवायला वाढलंय" म्हणायची, मी जेवायचो. "तुमचा फोन" म्हणायची, मी घ्यायचो. पाचव्या दिवशी ती हसून म्हणाली, "तोंडात काय मूग धरलेत का?" आणि मी पेपर उलटला. दहाव्या दिवशी मी "पंखा बारीक कर" म्हणालो आणि तिने केला. विषय संपला, असं मी समजलो. आज एक गोष्ट मनातून जात नाही. ते शिंग मी पहिल्याच संध्याकाळी बसवलं होतं. सांधा दिसतसुद्धा नव्हता. मग उरलेले आठ दिवस मी कशासाठी गप्प होतो? शोधूनही सापडत नाही. गप्प राहणं मला जमत होतं म्हणून राहिलो, असंच म्हणावं लागेल.

त्यानंतर अकरा वर्षांत काही मोडलं नाही. "आमच्याकडे एकदाच मोडतं," मी म्हणायचो, आणि पाहुणे हसायचे, तीही हसायची.

घरी आल्यावर मी सातही रोबो खिडकीजवळच्या टेबलावर आणले आणि उघडायला बसलो. वरचं चिलखत दाबाने बसवलेलं असतं, नखाने उचकटलं की निघतं. पांढरा, स्वच्छ, सगळीकडे लाल खूण. मग गंजलेला. त्याच्या डाव्या पंजाच्या आत खूण नव्हती. मी भिंग लावलं. पंजाबाहेरचा गंज मी स्पंजने टिपून करायचो, हा बारीक ब्रशने केला होता, ठिपका ठिपका लावून, आणि एका बोटाच्या बेचक्यात ब्रशचा एक केस रंगात अडकून राहिला होता. केस पांढरा होता, माझ्या ब्रशांचे केस तपकिरी. म्हणजे ब्रशही तिने आणला होता. याच रोबोला आमच्यासारख्या रोबो बनवणाऱ्यांच्या मंडळाच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं होतं. परीक्षक म्हणाला होता, सगळ्यात खरा गंज डाव्या हाताचा आहे, बाकीचा जरा जास्त झालाय. आणि मी त्याला तो कसा केला ते दहा मिनिटं समजावून सांगितलं होतं. ती शेजारीच उभी होती, पर्स दोन्ही हातांत धरून. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते आठवायचा मी खूप प्रयत्न केला. मी परीक्षकाकडे बघत होतो.

वाळवंटातल्याच्या खांद्याची ढाल, तीही तिची. मग काळा. काळ्यात सगळीकडे खुणा होत्या, आणि मी बंद करणार तेवढ्यात मांडीवरच्या पट्टीची खूण खटकली. माझ्या खुणेची लांब रेघ उजवीकडे वर जाते. ही डावीकडे जात होती. ती डावखुरी होती. म्हणजे शेवटच्या वेळेपर्यंत तिला आतल्या खुणांचंही कळलं होतं, तिने लाल पेन्सिल शोधली होती आणि जिथे कोणी बघणार नाही तिथेही माझ्यासारखी खूण केली होती, न जाणो मी कधी उघडून पाहिलं तर. मी एकतीस वर्षं केसाएवढी चीर पकडायचो. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण इथे दिवाही मीच धरलेला होता. तिची बोटं या कामाला कधी तयार झाली? संध्याकाळी मी टेबलावर असलो की ती समोर खुर्चीत काही शिवत, निवडत बसायची. मला वाटायचं ती शिवतेय.

खिडकीतून ऊन सरकत टेबलाच्या कडेला गेलं आणि मला डॉक्टरची खोली आठवली. तिला तपासून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, कधीपासून दुखतंय? ती जमिनीकडे बघून म्हणाली, "झाले असतील चार महिने." मला तर आदल्या आठवड्यात सांगितलं होतं, तेही मुलगी घरी आली असताना, मुलीनेच विषय काढला म्हणून. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "मला माहीत नव्हतं," आणि ते खरं होतं, आणि त्या खरेपणाचा मला तेव्हा आधार वाटला. चार महिन्यांनी काही फरक पडला नसता, असं त्या नंतर म्हणाल्या. माझ्यासाठी म्हणाल्या की खरंच, ते मी विचारलं नाही. पण आता टेबलावर पंजा, ढाल आणि पट्टी ओळीने ठेवून मी बसलो होतो आणि मला वाटत होतं की हा चौथा तुकडा आहे. तिच्यातच काहीतरी मोडलं होतं आणि तिने ते मला न दाखवता आपल्या आपण बदलता येतं का बघितलं होतं.

मग तपासनिसाच्या डोक्यात यायला हवं ते उशिरा आलं. खोक्यात अडीचशे भाग. तिने एकेकच घेतला. मग बाकीचे कुठे गेले? तीन खोकी, एकेका भागाने अपुरी. तिच्या हातून अन्नाचा कण वाया जायचा नाही, ती खोकी टाकणं शक्य नव्हतं. मी माळ्यावरचं सामान उतरवलं, पलंगाखालच्या पेट्या ओढल्या, तिचं कपाट उघडलं. आठ महिने ते उघडलं नव्हतं. साड्यांच्या मागे हात घालताना आपण चोरी करतोय असं वाटलं. काही नव्हतं. मुलीला फोन केला.

मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते, बस आगारात वेळापत्रकं बनवते. सारखी घाईत, पण कामाच्या वेळी केलेला माझा फोन ती उचलते, कारण मी कधी करत नाही. मी विचारलं, "तुझ्या आईने रोबोची तीन खोकी आणली होती. ती कुठे आहेत, तुला काही ठाऊक आहे?"

तिच्या मागे कोणीतरी गाड्यांचे नंबर मोठ्याने वाचत होतं.

"कोणी सांगितलं?"

"दुकानदाराने."

"भोचक मेला. खोकी नाहीत आता. एक रोबो आहे. आईने त्या उरलेल्यातून स्वतःचा बनवला. माझ्याकडे आल्यावर दुपारची बसायची. तुम्हाला वाटायचं मी बोलावते म्हणून येते. मी कुठली बोलावतेय, मी कामावर असायचे."

"मला कोणी सांगितलं का नाही?"

"आई म्हणाली होती, बाबांना दाखवायचा नाही."

"का?"

"नीट करतील म्हणाली."

मी खुर्चीत बसलो. मग जे विचारायचं होतं ते विचारलं. फोनवर विचारायची गोष्ट नव्हती, पण समोर असती तर विचारलंच नसतं. "ती मला घाबरायची का गं?"

"पहिल्यांदा असेल," मुलगी म्हणाली. "त्या शिंगाच्या वेळी. नंतर नाही, बाबा. नंतर तिला कंटाळा यायचा. तुम्हाला सांगायचं, मग तुमचं ते तोंड, मग आठ-दहा दिवस तसेच. ती म्हणायची, त्यापेक्षा तुकडा आणून लावला की झालं, दीड तासाचं काम." मग आवाज खाली आणून म्हणाली, "ते दुखण्याचंही तसंच. आधी बघून घेऊ म्हणाली. तुमच्यावर रागावून नाही."

मी म्हणालो, मला तो बघायचाय. ती म्हणाली, बाबा, नको. मी म्हणालो, फक्त बघेन. "हात लावायचा नाही," ती म्हणाली. मी म्हणालो, नाही लावणार. तिने मला दोनदा म्हणायला लावलं, लहान मुलाकडून म्हणवून घेतात तसं, आणि मी दोनदा म्हणालो. भीती असती तर मला काहीतरी करता आलं असतं, निदान स्वतःला दुष्ट म्हणता आलं असतं. कंटाळ्याचं काय करतात?

रविवारी सकाळी गेलो. जावई बाहेर गेला होता, की मुलीने मुद्दाम पाठवला होता. तिने मला आतल्या खोलीत नेलं. खिडकीशी तिच्या आईची खुर्ची होती, आणि पुस्तकांच्या फळीवर, दोन शब्दकोशांच्या मध्ये, तो उभा होता. हिरवा. मुलीच्या स्वयंपाकघराच्या दाराला लावून उरलेला ऑइल पेंट असणार, तसाच हिरवा. इतका जाड की चिलखताच्या सगळ्या बारीक रेघा बुजल्या होत्या आणि कोपरातून एक थेंब ओघळून तिथेच वाळला होता. डोळे पिवळे. छातीवर पांढऱ्या रंगाने तिने पाच पाकळ्यांचं फूल काढलं होतं. माझ्या सातांपैकी एकालाही कोणी फूल काढलं नसतं. "बघा निवांत," मुलगी म्हणाली, "मी चहा टाकते," आणि गेली.

मी दोन्ही हात मागे धरून उभा राहिलो. मला वाटलं होतं मला रडू येईल. पण मी मोजत होतो. काडीची टोकं, नुसती दिसणारी चौदा. मानेचा सांधा वाकडा. अस्तर नाही. रंग ओला असताना धरलेला, बोटांचे ठसे तसेच वाळलेले. आणि डावा गुडघा उलटा. वाटी पुढे यायला हवी ती मागे गेलेली. असा रोबो उभा राहतो, पण त्याला बसवता येत नाही, गुडघा भलतीकडे वाकतो. नवखे हमखास हीच चूक करतात, कारण दोन्ही बाजूंनी तो भाग बसतो. पिन ओढायची, फिरवायची, दाबायची. पाच मिनिटंही नाहीत. मी फुलाकडे बघायचं ठरवलं. तिने ते डाव्या हाताने, श्वास धरून काढलं असेल; खिडकीतून हाच रस्ता दिसत असेल; मी घरी माझ्या टेबलावर असेन आणि तिला दुपारभर कोणी बघत नसेल. या खुर्चीत ती कशी बसत असेल, पाय वर घेऊन बसत असेल का, गुणगुणत असेल का, असा विचार मी करत होतो, अगदी प्रेमाने करत होतो, आणि टक् असा आवाज आला.

तो माझ्या हातात होता. गुडघा मी फिरवून बसवलेला होता. कधी उचलला ते आठवत नाही, शपथेवर सांगतो. सांध्यावर तिने रंगाचा एकसंध थर दिला होता, तो फाटून साल निघाली होती आणि खालचं पांढरं प्लास्टिक उघडं पडलं होतं. मी त्याला फळीवर उभा करायला गेलो. त्या जाड रंगानेच पाय ताठ धरला होता. आता डावा पाय दुमडला आणि तो शब्दकोशावर रेलून खाली बसला. पुन्हा उभा केला, पुन्हा बसला. गुडघा आता अगदी बरोबर वाकत होता.

मुलगी दोन कप घेऊन दारात उभी होती. किती वेळ, माहीत नाही. तिने कप खुर्चीजवळच्या स्टुलावर ठेवले.

"गुडघा उलटा होता," मी म्हणालो.

"माहितीये. मी सांगितलं होतं आईला. तिलाही माहीत होतं." ती रोबोकडे बघत होती, माझ्याकडे नाही. "म्हणाली, असू दे, याला कुठं बसायचंय."

माझ्या बोटांना हिरवी साल चिकटली होती. ती मी काढू लागलो, मग काढायची थांबलो. "दे इकडे," मी म्हणालो. "मी पुन्हा उलटा करून देतो. होता तसा."

"नको बाबा," मुलगी म्हणाली. "मग तो तुमचा उलटा होईल."

तिने त्याला उचललं, दुमडलेला पाय एकदा सरळ केला, सोडून पाहिला, आणि जसा बसला तसा फळीवर ठेवून दिला. मग माझा कप माझ्या हातात दिला आणि स्वतः खिडकीकडे तोंड करून आईच्या खुर्चीत बसली.